बास गिटारला तारा कोणत्या लावायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या गंगापूर रोडला आमची सरावाची खोली आहे. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही. सिडको, नाशिकरोड, ओझर, कुठून कुठून मुलं बास घेऊन येतात. कुणी ऑर्केस्ट्रात वाजवतं, कुणी चर्चच्या क्वायरमध्ये, कुणी कॉलेजच्या बँडमध्ये. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच, आणि तेही रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर. म्हणून एकदाची उत्तरं लिहून टाकतो.

दादा, माझा बास फार मातकट वाजतो. नवीन ॲम्प (आवाज मोठा करणारी पेटी) घेऊ का?

आधी सांगा, तारा कधी बदलल्या होत्या? दहातले सात जण या प्रश्नावर गप्प होतात, किंवा "बास घेतला तेव्हाच्याच आहेत" म्हणतात. ॲम्पचे पैसे राहू द्या.

बासची तार म्हणजे आत एक पोलादी गाभा आणि त्यावर गुंडाळलेली दुसरी तार. त्या वेढ्यांच्या खाचांत घाम, बोटांची कातडी आणि धूळ जाऊन बसते. तार सगळीकडे सारखी जड राहत नाही, वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे बारीक उंच स्वर, मरतात आणि उरतो तो नुसता "ढब". तपासायचं असेल तर तारेच्या खालच्या अंगाने बोट फिरवा. फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, जागी खळगे लागले, तर तार संपली. दुसरी खूण कानाची आहे. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून) वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा. दोन्ही स्वर जुळत नसतील आणि ब्रिजवर, म्हणजे तारांच्या खालच्या टेकूवर, कितीही फिरवाफिरव करून जुळत नसतील, तर दोष बासचा नाही, तारेचा आहे.

पाकिटावर ४५-१०५ असं लिहिलेलं असतं. ते काय?

तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. ४५ म्हणजे ०.०४५ इंच, साधारण १.१४ मिलिमीटर. १०५ म्हणजे २.६७ मिलिमीटर. बासच्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी. पहिला आकडा सगळ्यात बारीक जी तारेचा, शेवटचा ई तारेचा. चारही लिहिले तर ४५-६५-८५-१०५ असं दिसतं. दुकानातून नव्या येणाऱ्या चारतारी बासवर बहुधा हाच सेट असतो, किंवा ४५-१०० असतो. आपल्या बासवर आत्ता काय आहे ते माहीत नसेल आणि वाजवायला ठीक वाटत असेल, तर ४५-१०५ घ्या. फार चुकणार नाही.

जाड तार लावली की आवाज जाड होतो ना?

या प्रश्नावर जरा थांबतो, कारण निम्मे पैसे इथेच वाया जातात.

एकाच बासवर, एकाच स्वराला जुळवलेली जाड तार बारीक तारेपेक्षा जास्त ताणलेली असते. हिशेब असा की ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जी तार ४५ची काढून ५०ची लावली तर आकड्यात फरक फक्त पाचाचा दिसतो, पण ताण तेवीस टक्क्यांच्या आसपास वाढतो. ई तार १००ची १०५ केली तर दहा टक्के. म्हणजे "मीडियम" आणि "लाइट" या नावांवर जाऊ नका, आकडे बघा. एका कंपनीचं मीडियम ते दुसरीचं लाइट असू शकतं.

एकेक तार साधारण १६ ते २३ किलोच्या ताणाने ओढत असते. चारही मिळून पाऊणशे-ऐंशी किलो. लासलगावच्या कांद्याची दीड गोणी तुमच्या बासच्या मानेवर चोवीस तास लटकली आहे असं समजा. तार बदलणं म्हणजे ही गोणी हलकी किंवा जड करणं.

मग आवाजाचं काय? जाड तार थोडी भरीव वाजते हे खरं. पण खरा फरक हाताला कळतो. जाड तार बोटाखाली घट्ट उभी राहते, जोरात वाजवलं तरी फ्रेटवर आपटत नाही, पिकने (प्लास्टिकच्या नखीने) वाजवणाऱ्याला आवडते. बारीक तार वाकते, धावते, स्लॅपला (अंगठ्याने तारेवर आपटून वाजवण्याला) उडते, पण हाताचा दाब जास्त असेल तर किरकिरते आणि स्वर किंचित चढतो. ऐकणाऱ्याला जाडीतला फरक मोठ्या मुश्किलीने कळेल, तुमच्या मनगटाला मात्र तिसऱ्याच गाण्यात कळेल. लग्नातल्या संगीतच्या कार्यक्रमात चार तास उभं राहून वाजवायचं असेल तर मनगटाचं ऐका.

राउंडवूंड आणि फ्लॅटवूंड यांत नेमका फरक काय?

वरून गुंडाळलेली तार गोल असली तर राउंडवूंड, पट्टीसारखी चपटी असली तर फ्लॅटवूंड. राउंडवूंडवर बोट घासलं की खरखर लागते, फ्लॅटवूंड साखरेच्या पाकासारखी गुळगुळीत असते.

ज्यांच्या घरात तंबोरा आहे त्यांना मी असं समजावतो: राउंडवूंड म्हणजे खुली जवारी आणि फ्लॅटवूंड म्हणजे बंद जवारी. पहिलीत स्वर वाजतो आणि त्याच्या डोक्यावर वरच्या स्वरांशांची झालर उभी राहते. दुसरीत स्वर गोल येतो, झालर नसते. मूळ स्वर दोन्हींत तोच असतो. (जवारी ब्रिजवर असते आणि हे तारेत आहे, हे मलाही ठाऊक आहे. तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या कारागिरांनी माफ करावं.)

अमेरिकेच्या लिओ फेंडर यांनी १९५१मध्ये प्रिसिजन हा इलेक्ट्रिक बास बाजारात आणला तेव्हा व्हायोलिनच्या घराण्यातल्या उभ्या बाससारख्या गुळगुळीत तारांचाच काळ होता. राउंडवूंडचा झणझणीत आवाज रुळला तो १९६०च्या दशकात. इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीने 'द हू' या रॉक बँडचे बासवादक जॉन एंटविसल यांच्यासोबत काम करून या तारा घडवल्या. त्यानंतर रॉकचा बास पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा खणखणू लागला. उलट टोकाला बासवादक जेम्स जेमरसन. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची असंख्य गाणी त्यांनी ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवूंडवर वाजवली आणि तारा बदलायच्या भानगडीत ते सहसा पडले नाहीत. मातकट तारांचा इतका सुंदर उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल. तुम्हाला तसाच आवाज हवा असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर विसरून जा.

फ्लॅटवूंड म्हणजे फक्त जुनी गाणी, असंही नाही. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवूंडवरच वाजवतात, आणि त्यांना कुणी म्हातारबुवांचं संगीत म्हणणार नाही.

सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी एकदा तरी फ्लॅटवूंड लावून बघावी असं माझं मत आहे. त्यातला गोल, डग्ग्यासारखा घुमणारा बास राउंडवूंडवर टोन नॉब बंद करून काढता येतो, पण तो काढलेला वाटतो.

हाफवूंड, टेपवूंड असंही दिसतं.

हाफवूंड म्हणजे आधी गोल तारेने गुंडाळून मग वरून घासून सपाट केलेली. मधला मार्ग. मला तो ना इकडचा ना तिकडचा वाटतो, पण बोटांचा घासण्याचा आवाज नको आणि थोडी चमक हवी असेल तर चालेल. टेपवूंडवर नायलॉनचं वेष्टण असतं, बहुधा काळं. उभ्या बासच्या जवळ जाणारा मऊ आवाज येतो. जाडीचे आकडे मोठे दिसतात म्हणून घाबरू नका, वरचं नायलॉन हलकं असतं. नटच्या (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत मात्र बसते का ते बघावं लागतं.

निकेल की स्टील?

बाजारात "निकेल" म्हणून मिळणाऱ्या बहुतेक तारा पोलादावर निकेलचा मुलामा दिलेल्या असतात. चमकदार पण कर्कश नाही, बोटाला ठीक. स्टेनलेस स्टील जास्त तेजस्वी आणि खरखरीत असते, स्लॅपवाल्यांची लाडकी. स्लॅपसाठी नावाजलेले बासवादक मार्कस मिलर यांच्या नावाने डीआर कंपनीच्या 'फॅट बीम्स' विकल्या जातात, त्या स्टेनलेस स्टीलच्या. पण स्टील तारेने फ्रेट लवकर झिजतात. शुद्ध निकेलची तार मऊ, जुन्या वळणाची.

ज्यांच्या हाताला फार घाम येतो त्यांनी स्टेनलेस बघावी. गंजत नाही म्हणून. घाण साठायची ती साठतेच.

कार्यक्रमात बास ऐकूच येत नाही. त्यातून शेजारी ढोल असला की संपलंच.

नाशकात राहून ढोलाची तक्रार करायची नसते. पण प्रश्न खरा आहे.

ई तारेचा मोकळा स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. लग्नाच्या लॉन्सवरच्या साउंडवाल्याने सब-वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) आणलेला नसला तर तो स्वर त्या स्पीकरमधून जवळपास बाहेरच पडत नाही. लोक जे ऐकतात ते त्याचे वरचे स्वरांश, ८२, १२३ आणि त्याहून वरचे. मेंदू त्यावरून खालचा स्वर समजून घेतो. मोबाइलवर बघितलेल्या व्हिडिओतही हेच होतं. आता ढोल खालची सगळी जागा व्यापून बसला, आणि तुम्ही जुन्या मातकट तारांवर बास नॉब पूर्ण फिरवून उभे राहिलात, तर तुम्ही ढोलाच्याच पोटात गेलात. तिथे नव्या राउंडवूंड लावा, खालचा नॉब थोडा कमी करा, मधला वाढवा. खोलीत एकट्याने ऐकताना आवाज पातळ वाटेल. मांडवात बरोबर बसेल.

फ्लॅटवूंडचं मी एवढं कौतुक केलं, पण गणपतीत स्टेजवर मी ती नेत नाही.

माझा बास छोटा आहे. नेहमीच्या तारा चालतील का?

आधी मोजा. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर घ्या आणि दुप्पट करा. ३४ इंच आलं तर लाँग स्केल, म्हणजे नेहमीचा. ३२ मीडियम, ३० शॉर्ट. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांच्या हातात दिसणारा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर ३० इंची आहे, फेंडरचा मस्टँगही. लहान मुलांसाठी घेतला जाणारा आयबानेझ मिक्रो तर २८.६ इंचांचा आहे.

दोन गोष्टी होतात. पहिली ताणाची: तीच तार ३४ऐवजी ३० इंची बासवर लावली तर ताण बावीस टक्क्यांनी कमी पडतो. म्हणून छोट्या बासवर ४०-९५ लावली की ती दोरीसारखी लोंबते. तिथे ४५-१०५ किंवा थोडी जाडच बरी. दुसरी लांबीची: तारेच्या टोकाला पातळ होत गेलेला, बऱ्याचदा रेशमी धागा गुंडाळलेला भाग असतो. तो नटच्या पलीकडे सुरू व्हायला हवा. लांब तार छोट्या बासवर लावली तर जाड भागच खुंटीभोवती वळवावा लागतो. राउंडवूंड कशीबशी सहन करते, फ्लॅटवूंड तिथे चिरते आणि मरते. उलट छोटी तार मोठ्या बासवर पुरत नाही, धागा नटच्या अलीकडे येतो आणि तो भाग वाजत नाही.

एक जण मिक्रो घेऊन आला होता, मुलीसाठी घेतलेला. तीन दुकानं फिरून त्याला लाँग स्केलच मिळाल्या होत्या, "कापून लावा" म्हणून सांगितलेल्या. शॉर्ट स्केलचे सेट नाशकात दुकानात क्वचितच दिसतात. ऑनलाइन मागवा, किंवा मुंबईला जाणं झालं तर पंचवटी एक्स्प्रेसने उतरून धोबीतलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात विचारा. जाण्याआधी फोन करा, म्हणजे खेप फुकट जाणार नाही.

ब्रिजमधून नव्हे तर लाकडाच्या मागून तार ओवायची असेल तर उलटी काळजी: तिथे तार जास्त लांब लागते.

आमच्या गायकाची पट्टी खाली आहे. सगळं अर्ध्या स्वराने उतरवतो. तारा बदलाव्या लागतील?

अर्ध्या स्वराने ताण सुमारे अकरा टक्के घटतो. ४५-१०५ असेल तर निभावून जाईल. पूर्ण स्वर उतरवला तर वीस टक्के घटतो, तेव्हा एक पायरी जाड घ्या: ५०-१०५ किंवा ५०-११०. पण रोज वेगळा गायक आणि वेगळी पट्टी असेल तर तारा उतरवत-चढवत बसू नका. नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये पट्टी बदलून वाजवायला शिका. कंटाळा येतो, पण सेट वाचतो.

पाचतारी घेणं परवडत नाही. चारतारीवर खालचा बी येईल का?

येईल, पण ई तार सैल करून नाही. ई तारेला बीपर्यंत उतरवलं तर मूळ ताणाच्या निम्म्याहून थोडाच जास्त उरतो. ती तार वाजत नाही, लुडबुडते. पाचतारी सेट घ्या, त्यातल्या जाड चार तारा लावा, बी-ई-ए-डी. बी तार १२५ ते १३०ची असते. नटची खाच तिच्यासाठी रुंद करावी लागते. ते कारागिराकडून करून घ्या, स्वतः कानस घेऊन बसू नका. खाच एकदा खोल झाली की परत भरत नाही. आणि जी तार सेटमध्ये उरेल ती जपून ठेवा.

फ्रेटलेसवर (फ्रेट नसलेल्या बासवर) काय?

फ्लॅटवूंड किंवा टेपवूंड. राउंडवूंड लाकूड खाते. तुम्ही म्हणाल, फ्रेटलेसचे उस्ताद जॅको पास्टोरियस तर रोटोसाउंडच्या राउंडवूंड वाजवायचे. वाजवायचे, पण त्यांनी फिंगरबोर्डवर (मानेवरच्या, बोटं टेकायच्या लाकडी पट्टीवर) इपॉक्सीचा कडक थर चढवला होता. तो चढवायची तयारी असेल तर खुशाल लावा.

शिकाऊ आहे. बोटं सोलून निघतात. मऊ तारा कोणत्या?

४०-९५ किंवा ४५-१००, निकेल, राउंडवूंड. पण त्याआधी तारांची उंची बघून घ्या. स्वस्त बासवर बाराव्या फ्रेटला तार इतकी उंच असते की खालून मांजर जाईल. ती उतरवल्यावर अर्धा त्रास जातो. उरलेला तीन आठवड्यांत घट्टे पडले की जातो.

तारा किती दिवसांनी बदलायच्या?

रोज तास-दोन तास वाजवत असाल आणि चमकदार आवाज हवा असेल तर राउंडवूंड महिना-दीड महिन्यात थकते. चमक नको असेल तर सहा महिनेही चालवा. फ्लॅटवूंड वर्षानुवर्षं चालते, उलट पहिले काही आठवडे तिचा टणटणीतपणा जायची वाट बघावी लागते.

आपल्याकडे महिन्यांपेक्षा ऋतू बघावा. उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तारा टिकतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्र्यंबकच्या बाजूने पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस खोलीत ओल असते, आणि रेनकोटमधून काढलेल्या ओल्या हाताने मुलं थेट बास उचलतात. त्या दिवसांत नवा सेट लावायचा असेल तर कोटिंगवाला (तारेवर पातळ संरक्षक थर असलेला) लावा, किंवा जुन्याच तारा गणपतीपर्यंत ओढा आणि गणपतीच्या आठवडाभर आधी बदला. मी दुसरं करतो.

कोटिंगवाल्या तारा महाग असतात. एलिक्सर हे त्यातलं जुनं नाव. त्या साध्या तारांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात, आणि बासचा साधा सेटच गिटारच्या सेटच्या तीन-चार पट किमतीचा असल्याने हिशेब बरेचदा जुळतो. बोटाला त्या किंचित निसरड्या लागतात. काहींना ते सहन होत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय सुती फडकं. जुनं बनियन उत्तम. वाजवून झालं की प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा, मगच बास पिशवीत टाका. खोबरेल, मशीनचं तेल, असलं काही तारांना लावू नका. धूळ चिकटते आणि फिंगरबोर्डही खराब होतो.

तारा उकळल्या की नव्यासारख्या होतात, खरं का?

खरं, काही दिवसांपुरतं. राउंडवूंड तारा काढून साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, पुसा, पूर्ण वाळवा. खाचांतली घाण निघते आणि चमक परत येते. फ्रेटचे खळगे मात्र जात नाहीत, गाभ्याचा थकवाही नाही. दोनदा उकळलेली तार तिसऱ्यांदा उकळू नये. चहाच्या पातेल्यात तर मुळीच नको, आमच्या घरी यावरून झालेलं आहे.

काही जण स्पिरिटमध्ये बुडवून ठेवतात. त्यानेही घाण सुटते, पण ते पेट घेतं. गॅसपासून दूर, उघड्यावर करा.

तारा घरी बदलता येतील का? की दुकानातच द्यायचा?

घरीच बदला. फक्त एक चूक करू नका, जी मी केली होती.

त्र्यंबक रोडच्या एका लॉन्सवर संगीतचा कार्यक्रम होता. दुपारी चार वाजता नवा सेट उघडला आणि घाईत ई तार आधी कापली, मग वाकवली. कापलेल्या टोकाकडून वरचे वेढे सुटायला लागले. तार हातात, आवाज गेलेला, दुसरा सेट नाही. रात्री जुनीच ई तार चढवून वाजवलं: तीन तारा चांदीसारख्या आणि एक पाटा-वरवंट्यासारखी.

तर क्रम असा. तार ब्रिजमधून ओवा, तिला पीळ पडू देऊ नका. पीळ पडलेली तार नवी असूनही मेल्यासारखी वाजते. खुंटीपर्यंत ताणा, त्यापुढे दहा-बारा सेंटिमीटर मोजा. तिथे काटकोनात वाकवा. वाकवल्यावर, वाकाच्या पुढे कापा. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घाला आणि दोन-तीन वेढे वरून खाली उतरत जातील असे घ्या, म्हणजे तार नटवर दाबून बसते. ट्यून केल्यावर सॅडलच्या (ब्रिजवर तार जिथे टेकते त्या तुकड्याच्या) आणि नटच्या अगदी पुढे तार अंगठ्याने हलकेच दाबा. तिथे ती कमानीसारखी राहिलेली असते, बसली की स्वर स्वच्छ होतो.

चारही तारा एकदम काढल्या तर मान वाकडी होते म्हणतात.

तासाभरात काही होत नाही. फिंगरबोर्ड पुसायला तीच वेळ चांगली. महिनाभर तसाच ठेवू नका, एवढंच.

नवा सेट लावला आणि सगळीकडे झणझणाट सुरू झाला. सेट खराब निघाला का?

बहुधा नाही. तुम्ही आधीपेक्षा बारीक सेट लावलात. ओढ कमी झाली, मान मागे गेली, तारा फ्रेटच्या जवळ आल्या. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली लोखंडी सळई, थोडा सैल करावा लागेल: पाव वळसा, मग थांबा, ट्यून करा, बघा. जाड सेट लावला तर उलट होतं, मान पुढे येते, तारा उंच होतात, रॉड थोडा आवळावा लागतो. त्यानंतर सॅडलची उंची, आणि सगळ्यात शेवटी बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन, म्हणजे हार्मोनिक आणि दाबलेला स्वर जुळवणं. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरा असेल तर पुढे.

रॉड अडतोय असं वाटलं तर जोर लावू नका.

म्हणूनच एकदा जमलेलं गेज (तारेची जाडी) आणि तारेचा प्रकार सहसा बदलू नये. कंपनी बदलली तरी चालतं. आकडे तेच ठेवा.

डिसेंबरमध्ये स्टेजवर ट्यूनिंग सारखं चढतं. तारा खराब आहेत?

नाही, निफाडकडचा गारठा आहे. पोलाद थंडीने आकसतं, ताण वाढतो, स्वर चढतो. गरम दिव्यांखाली उतरतो. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी बास पिशवीतून काढून स्टेजच्या हवेत ठेवा आणि मग जुळवा. गाडीतून काढून थेट जुळवलेला बास दुसऱ्या गाण्याला दगा देणारच.

एकच तार तुटली. एकच मिळेल का?

सुटी तार शोधण्यात दोन दिवस जातात, आणि मिळाली तरी ती एकटी चमकते, बाकीच्या तीन म्हाताऱ्या वाटतात. बासची तार सहज तुटत नाही. तुटली तर आधी सॅडलला धार आलीय का बघा. त्याच जागी दुसऱ्यांदा तुटली तर नक्कीच आलीय. बारीक पॉलिश पेपरने मऊ करा. काढलेल्या सेटमधल्या बऱ्या तारा पिशवीत ठेवल्या तर अशा वेळी कामाला येतात. माझी त्र्यंबक रोडची रात्र त्याच तारेने निभावली.

ॲकॉस्टिक बास आणि युकुलेले बासला याच तारा का?

ॲकॉस्टिक बासला ब्राँझच्या तारा येतात. त्या इलेक्ट्रिक बासवर लावल्या तर आवाज कमी येईल, कारण चुंबकी पिकअपला (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकाला) लोहचुंबकीय धातू लागतो. उलट, इलेक्ट्रिकच्या तारा ॲकॉस्टिकवर चालतात. युकुलेले बासच्या रबरासारख्या तारा चुंबकी पिकअपला ऐकूच येत नाहीत, त्याला पिएझो (थरथर पकडणारा) पिकअप लागतो. आणि साध्या गिटारच्या तारा बासवर लावायचा विचार करू नका. हो, हा प्रश्न आलेला आहे.

नकली तारा ओळखायच्या कशा?

नावाजलेल्या कंपन्यांच्या नकला निघतात. डॅडारिओच्या पाकिटात नोंदणीचा कोड असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, किंमत इतरांच्या निम्मी: तीनपैकी दोन दिसलं तर परत करा.

तुम्ही स्वतः काय लावता?

दोन बास आहेत. स्टेजच्या बासवर ४५-१०५, निकेलच्या राउंडवूंड, गणपतीआधी आणि लग्नसराईआधी बदलतो. खोलीतल्या जुन्या प्रिसिजनच्या नकलेवर फ्लॅटवूंड, पाच वर्षं झाली, हात लावलेला नाही. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत, फेब्रुवारीत, क्वायरसोबत एकदा तोच नेला होता. तिथे सब-वूफर होता.

काढलेल्या तारांचं काय करू?

बऱ्या असतील तर गुंडाळून, पाकिटावर तारीख लिहून ठेवा. बाकीच्या भंगारात. पिंपळगावहून येणाऱ्या एका मुलाने जुन्या ई तारेने द्राक्षाच्या मांडवात फांदी बांधली होती. त्याच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकली. म्हणाले, ही गंजते, आपल्याकडे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार आहे.